केमो एक दिवस, घर वीस दिवस

केमोथेरपीची बरीचशी वेळापत्रकं एकवीस दिवसांची असतात. त्यातला एक दिवस, फार तर दोन, रुग्ण मिरजेच्या किंवा कराडच्या डे-केअरमध्ये सलाईन लावून बसलेला असतो. उरलेले दिवस तो जतला, आटपाडीला, ढेबेवाडीला, दहिवडीला, आपापल्या घरी असतो. बाटलीतून कोणतं औषध जाणार यात आता मुंबई आणि मिरज असा मोठा फरक उरलेला नाही. फरक पडतो तो घरच्या दिवसांत. उलटी थांबली नाही, ताप अंगावर काढला, तोंड आलं म्हणून जेवण तुटलं, की पुढची सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, पुढे ढकलली जाते, डोस कमी करावा लागतो, आणि काही जण तर "आता पुरे" म्हणून येणंच बंद करतात.

या घरच्या दिवसांवर काम करणारी संशोधनाची एक स्वतंत्र शाखा आहे, सपोर्टिव्ह केअर. तिची आंतरराष्ट्रीय संघटना, मॅस्क, १९९० मध्ये स्थापन झाली. या शाखेत नवीन, महागडं औषध क्वचितच निघतं. प्रश्न साधे असतात: किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, कोणाला द्यायचं, कोणाला अजिबात नाही. गेल्या काही वर्षांत यातली काही फार उपयोगी उत्तरं आपल्याच देशातून आली, मुंबईहून, दिल्लीहून, पुदुच्चेरीहून. औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. तरी सांगली-साताऱ्यातल्या घरापर्यंत येता येता ती कुठेतरी अडतात. नेमकी कुठे अडतात, त्याबद्दल हे लिहितोय.

उलटीपासून सुरुवात करू, कारण केमोची सगळ्यात जास्त धास्ती तिचीच असते.

केमोची उलटी दोन टप्प्यांत येते. पहिल्या २४ तासांत आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन सुटतं, त्याला ऑनडॅनसेट्रॉन किंवा ग्रॅनिसेट्रॉन चांगलं अडवतं. दुसरा टप्पा २४ ते १२० तासांचा. तिथे मेंदूतला 'सबस्टन्स पी' नावाचा पदार्थ मुख्य असतो आणि ऑनडॅनसेट्रॉनचा जोर कमी पडतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असेल तर ४८ ते ७२ तासांच्या सुमारास त्रास सर्वांत जास्त, म्हणजे रुग्ण घरी पोचून दोन दिवस झालेले. घरातली मंडळी तेव्हा फाईलमधली 'उलटीची गोळी' काढतात. ती बहुधा ऑनडॅनसेट्रॉनच असते आणि दिवसातून तीन-तीनदा दिली जाते. तिने या टप्प्यातली मळमळ फारशी हटत नाही, शौच मात्र आवळतं. पोट फुगतं, त्याने पुन्हा मळमळतं, म्हणून आणखी एक गोळी. चौथ्या दिवशी रुग्ण गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून पडलेला असतो आणि मूळ कारण असतं तुंबलेलं पोट.

या दुसऱ्या टप्प्यावर उपयोगी पडलेलं औषध म्हणजे ओलान्झापिन. मूळचं मानसिक आजारांवरचं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३८० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या तिन्ही उलटीरोधक औषधांच्या जोडीला पहिले चार दिवस रोज १० मिग्रॅ ओलान्झापिन दिलं, तर पाचही दिवस अजिबात मळमळ न झालेल्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. मळमळ कमी करणं हे उलटी थांबवण्यापेक्षा फार अवघड, त्यामुळे या आकड्याला वजन आहे. अडचण झोपेची होती. १० मिग्रॅने माणूस दुसऱ्या दिवशी गुंगीत राहतो. जपानी संशोधकांनी मग डोस ५ मिग्रॅवर आणला आणि वेळ ठरवली रात्रीच्या जेवणानंतरची, म्हणजे गुंगी झोपेत निघून जाते. ७१० रुग्णांवरचं ते काम २०२० मध्ये आलं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने त्याही खाली जाऊन २.५ मिग्रॅ आणि १० मिग्रॅ यांची समोरासमोर तुलना केली, मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांमध्ये. २०२४ मध्ये निकाल आला: उलटी-मळमळीवरचा ताबा दोन्हीकडे जवळपास सारखा, पण पहिल्या दिवशीची तीव्र झोप १० मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना आणि २.५ मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांना. चुलीपाशी, विहिरीपाशी, गोठ्यात काम असणाऱ्या बाईसाठी हा फरक कागदावरचा नाही.

एवढं होऊनही ही गोळी घरी घेतली जात नाही, आणि तिचं कारण औषधशास्त्रात सापडणार नाही. मेडिकलवाला पाकीट पाहून विचारतो, "ही डोक्याची गोळी कशाला दिली?" नाहीतर पुण्यातला भाचा मोबाईलवर नाव टाकून बघतो आणि "स्किझोफ्रेनिया" वाचतो. झालं. गोळी डब्यात राहते आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर "घेतली" असंच सांगितलं जातं. यावर उपाय डे-केअरमध्येच होतो: पाकिटावर मार्करने "मळमळीसाठी, रात्री जेवणानंतर, चार रात्री" असं लिहायचं, आणि ही मूळची मानसिक आजाराची गोळी आहे पण इथे कशासाठी आहे, हे आधीच, नातेवाइकांसमोर बोलायचं. बाहेरून कळण्याआधी आतून कळलेलं बरं.

काही गोष्टी सांभाळायच्या. ओलान्झापिन चालू असताना मेटोक्लोप्रमाइड सोबत देऊ नये, दोन्ही डोपामिनच अडवतात आणि हातपाय-जबडा आखडण्याचा धोका वाढतो. गावात उलटीवर टोचली जाणारी सुई पुष्कळदा हीच असते. झोपेची गोळी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, रक्तदाब घसरून पडण्याचे प्रकार होतात. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असेल तर ते सकाळीच घ्यायचं, संध्याकाळी घेतलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आणि मधुमेह असेल तर ते तीन-चार दिवस साखर तपासायची, ती चढतेच.

संशोधकांसाठीही इथे एक खाचखळगा आहे. उलटीच्या चाचणीत यश म्हणजे १२० तासांत एकही उलटी नाही आणि वरचं, जादा औषधही लागलं नाही. ही नोंद रुग्णाच्या घरच्या डायरीवर अवलंबून असते. डायरी पुष्कळदा पुढच्या खेपेला, ओपीडीच्या बाकावर बसून, पाचही दिवसांची एका पेनाने आणि एका अक्षरात भरली जाते. शिवाय गावच्या डॉक्टरांनी टोचलेली सुई लोक 'औषध' म्हणून मोजतच नाहीत, "तसं काही घेतलं नाही, फक्त एक सुई मारली" असं सांगतात. चाचणीच्या हिशोबात ती सुई म्हणजे अपयश. म्हणून आपल्या भागात डायरीपेक्षा रोज संध्याकाळी एक फोन बरा, आणि प्रश्न "जादा औषध घेतलं का?" असा न करता "कुठल्या दवाखान्यात गेलात का, सुई-सलाईन काही झालं का?" असा करावा.

ओलान्झापिनचा दुसरा उपयोग पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेने दाखवला. जठर, यकृत-पित्तमार्ग-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या १२४ रुग्णांना केमोसोबत रोज २.५ मिग्रॅ, बारा आठवडे. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ६० टक्के आणि औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीच्या गटात ९ टक्के. २०२३ मध्ये आलेला हा निकाल वाचून भुकेचं टॉनिक लिहिणारा हात जरा थबकायला हवा.

आता ताप. इथे चूक झाली तर ती निस्तरायला वेळ मिळत नाही.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्यातल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेलेल्या असताना आलेला ताप हा आणीबाणीचा प्रसंग असतो. व्याख्या अशी: तोंडात थर्मामीटर ठेवून एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा १००.४ तासभर टिकून राहिला. रुग्ण दारात आल्यापासून ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हा जगभरचा दंडक आहे. पेशीच कमी असल्याने पू होत नाही, छातीच्या फोटोत काही दिसत नाही, घसाही लाल नसतो. ताप हीच एक खूण असते. ती पॅरासिटामॉलने पुसून टाकली की सहा-आठ तास सगळं ठीक वाटतं आणि तोवर रक्तदाब ढासळू लागतो. म्हणून आधी ताप मोजायचा, लिहायचा, रुग्णालयाला फोन करायचा, मग गोळीचा विचार. डेक्सामेथासोन चालू असेल तर ताप दबून राहू शकतो. नुसती हुडहुडी, अचानक आलेला गळाठा किंवा भ्रमल्यासारखं बोलणं हेही तापाइतकंच धरायचं.

थर्मामीटर ही या वीस दिवसांतली सर्वांत मोलाची वस्तू, आणि बहुतेक घरांत ती नसते. हात लावून ताप बघणं इथे उपयोगाचं नाही. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंशाने कमी येतो. गरम चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं. गुदद्वारातून ताप बघायचा नाही, आणि याच काळात एनिमाही द्यायचा नाही, कारण बारीकशी चीर पडली तरी जंतू थेट रक्तात जातात. दंडावर-कमरेवर सुई टोचू द्यायची नाही, प्लेटलेट कमी असतील तर स्नायूत रक्त साकळतं.

कमी धोक्याचा ताप आणि जास्त धोक्याचा ताप वेगळा काढण्यासाठी २००० साली मॅस्कने एक गुणपत्रक तयार केलं. एकूण गुण २६. त्रास सौम्य असेल तर ५, रक्तदाब घसरलेला नसेल ५, दम्यासारखा फुप्फुसाचा जुनाट आजार नसेल ४, गाठीचा कर्करोग असेल किंवा आधी बुरशीचा संसर्ग झालेला नसेल ४, शरीरातलं पाणी कमी झालेलं नसेल ३, ताप आला तेव्हा रुग्ण घरी होता तर ३, वय साठच्या आत तर २. बेरीज २१ किंवा जास्त म्हणजे धोका कमी. अशांना पोटातून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवता येतं. पण हे वाचणारे एक अट विसरतात. घरी पाठवायचं तर घर रुग्णालयापासून एका तासाच्या आत असावं लागतं, अमेरिकी मार्गदर्शिकेत ४८ किलोमीटर असा आकडाच दिलाय. २३ गुण मिळवणारा मिरजेतला रुग्ण घरी जाऊ शकतो. तेच २३ गुण घेऊन जतच्या पलीकडच्या वाडीवरचा माणूस गेला तर त्याला रात्री परत आणायला कोण आहे? पावसाळ्यात कोयना खोऱ्यातल्या गावांचा प्रश्न याहून बिकट. अशा रुग्णाला दोन रात्री ठेवून घेणं हाच शहाणपणा, खाटा कितीही कमी असोत.

फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत चार ओळी असाव्यात: केमो कोणती, शेवटची तारीख, रात्रीही उचलला जाईल असा नंबर, आणि "ताप १००.४ च्या वर असल्यास लगेच सीबीसी आणि शिरेतून अँटिबायोटिक". १०८ ची गाडी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेते. तिथल्या डॉक्टरांनी कर्करोगाचा रुग्ण रोज पाहिलेला नसतो. या चार ओळी असल्या तर पहिला डोस तिथेच देऊन पुढे पाठवता येतं, आणि वाटेतले दोन तास वाचतात.

जाता जाता खाण्याबद्दल. "कच्चं काही खायचं नाही" हा नियम पिढ्यानपिढ्या चालत आलाय, त्याला पुरावा मात्र तोकडा आहे. इटलीत स्टेम सेल प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत साधा, फळांसह आहार हा कडक पथ्याइतकाच सुरक्षित ठरला. तासगावच्या पट्ट्यात राहून द्राक्षं बंद करायची गरज नाही, मात्र घड सोडवून, मणी वेगळे करून, वाहत्या पाण्याखाली नीट धुवायचे. बंद करायचं ते रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ, न तापवलेलं दूध, आणि मोड आलेली कच्ची मटकी. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. मटकी शिजवून खुशाल खावी.

तोंडाचा विषय आपल्याकडे मोठा आहे, कारण तंबाखू आणि मिशरी मोठी आहे. तोंडाच्या-घशाच्या कर्करोगाला सहा ते सात आठवडे रेडिएशन असतं. आपल्याकडे त्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होतं, मग सोलतं, शेवटच्या आठवड्यात सर्वांत वाईट असतं आणि लाईट संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी भरून येतं. हे वेळापत्रक आधी सांगितलेलं असेल तर चौथ्या आठवड्यात उपचार सोडून देणारे कमी होतात, एवढं नक्की.

गुळण्या: अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं. जागेपणी दर दोन-तीन तासांनी, तीस सेकंद तोंडात घोळवून थुंकायचं. मेडिकलमधून बहुतेक जण क्लोरहेक्झिडिनची बाटली आणतात. तोंड येणं रोखण्यासाठी ती वापरू नये असंच मॅस्कच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि त्यातल्या काही बाटल्यांमध्ये अल्कोहोल असतं ते वेगळंच झोंबतं. बेन्झिडामिनच्या गुळण्यांना मात्र पुरावा आहे. झोंबल्या तर निम्मं पाणी घालायचं. मधालाही त्याच मार्गदर्शिकेने सौम्य शिफारस दिलीय. घरचे ते आनंदाने देतात, पण मध दातांना चिकटून राहतो आणि लाळ आटलेल्या तोंडात दात भराभर किडतात, म्हणून त्यानंतर तोंड धुणं आलंच. बर्फाचे खडे तोंडात धरणं हे ५-एफयू नावाचं केमोचं औषध झटक्यात शिरेतून देताना उपयोगी, आधी पाच मिनिटांपासून एकूण अर्धा तास. पण सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध असेल तर बर्फ नको, त्या औषधाने गारव्याला घसा आवळल्यासारखा होतो.

किडलेले दात लाईट सुरू होण्याच्या दहा-चौदा दिवस आधी काढून घ्यायचे. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येता सडण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो. तोंड उघडणं कमी होऊ नये म्हणून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, तीस सेकंद, पाच वेळा, दिवसातून तीनदा. आज किती काड्या मावल्या ते कॅलेंडरवर लिहायचं. एक काडी कमी झाली की दोन दिवसांत फिजिओथेरपिस्ट गाठायचा, महिन्याने गेल्यावर फार काही परत मिळत नाही. आणि मिशरी बंद. "हिरड्यांना बरं वाटतं" म्हणून ती लाईट चालू असतानाही लावली जाते, लपवून लावली जाते, त्यामुळे हा प्रश्न बाईला एकटीला विचारावा लागतो.

गिळता येईना की नाकातून नळी. नळी टाकली म्हणजे सगळं संपलं, असा समज घट्ट आहे. खरं तर ती वजन टिकवून उपचार पुरा करण्यासाठी असते, आणि तोंड भरलं की निघते. नळीतून द्यायचं ते २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी, रुग्णाला टेकून बसवून, आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून. आधी व नंतर ५० मिली कोमट पाणी. नळी तुंबते ती बहुतेक वेळा नाचणीच्या पेजेने. भांड्यात असताना पातळ दिसते, गार होताच आळते. ती सैल करून, दोनदा गाळून आणि कोमट असतानाच द्यायची. मूगडाळीचं वरण, ताक, दूध-अंडं मिक्सरमधून काढून गाळलेलं चालतं. गोळ्या कुटून घालताना पाकिटावर 'एसआर' लिहिलंय का ते बघायचं. तशी गोळी बारा तासांत हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम जातो. मॉर्फिनच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं.

हातापायांचं थोडक्यात. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीने तळहात लाल होतात, भेगाळतात. दिल्लीच्या एम्सने २६४ रुग्णांवर एक टक्का डायक्लोफिनॅक जेल हातांना दिवसातून दोनदा, बारा आठवडे लावून पाहिलं. मध्यम-तीव्र त्रास औषध नसलेल्या जेलच्या गटात १५ टक्के, डायक्लोफिनॅकच्या गटात ३.८ टक्के. दुकानात सांधेदुखीचं जेल मागितलं तर मिळतं ते मेंथॉल आणि मिथिल सॅलिसिलेट घातलेलं मिश्रण. सोललेल्या हाताला ते आगीसारखं लागतं, म्हणून साधं, नुसतं डायक्लोफिनॅक असलेलंच मागायचं. भाकऱ्या थापून, भांडी झाल्यावर लावायचं आणि पुन्हा पिठाला हात लावण्याआधी धुवायचा.

टॅक्सेन गटातल्या केमोने किंवा ऑक्सॅलिप्लॅटिनने बोटं बधिर होतात. त्यावर लिहिल्या जाणाऱ्या 'नसांच्या गोळी'त मिथिलकोबालामिनबरोबर अनेकदा असिटिल-एल-कार्निटिन असतं. टॅक्सेन घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत, २०१३ साली, हेच द्रव्य त्रास कमी करील म्हणून दिलं आणि चोवीस आठवड्यांनी बधिरपणा जास्त निघाला. तरीही ते पाकीट आज प्रत्येक मेडिकलमध्ये आहे. केमो चालू असताना घटक वाचून ते टाळा. बधिरपणासोबत दुखत असेल तर पुरावा आहे तो ड्युलॉक्सेटिनला: आठवडाभर ३० मिग्रॅ, मग ६०.

मॉर्फिनवर स्वतंत्र लेख लागेल, इथे गरजेपुरतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते देणं इतकं किचकट झालं की रुग्णालयांनी ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरेशी झाली. आपल्या रुग्णालयाकडे ती मान्यता आहे का, हे रुग्णाने थेट विचारावं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं, कऱ्हाड-साताऱ्याकडच्यांना ते आवाक्यात आहे. इटलीतल्या २४० रुग्णांच्या चाचणीत मध्यम वेदनेला ट्रॅमाडॉलसारख्या 'हलक्या' गोळीऐवजी सुरुवातीपासूनच थोडं मॉर्फिन दिलं, तर आराम पडलेले ८८ टक्के विरुद्ध ५८ टक्के असे निघाले. घड्याळ लावून द्यायचं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दुखल्यावर मागून घेण्याने डोस वाढतच जातो. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, मग जाते. बद्धकोष्ठ मात्र कधीच जात नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून रात्री बिसाकोडिल किंवा सेन्ना हे पोट साफ करणारं औषध. इथे आजी इसबगोल काढते आणि घोटाळा होतो. मॉर्फिनने आतडी मंदावलेली, रुग्ण पाणी जेमतेम पितो, अशा वेळी इसबगोलचा लगदा आतच अडकून बसतो.

राहिला एक प्रश्न: हे सगळे त्रास होताहेत, हे रुग्णालयाला कळणार कसं? न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांकडून बारा नेहमीच्या लक्षणांची नियमित नोंद घेतली आणि लक्षण बळावलं की परिचारिकेला सूचना गेली. २०१७ च्या निकालात अशा रुग्णांचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने भरलं, नेहमीच्या पद्धतीत २६. पुढे ५२ केंद्रांवर हेच केलं तेव्हा जगण्याच्या कालावधीत फरक दिसला नाही, पण त्रास कमी राहिला आणि हालचाल टिकली. पहिल्याच आकड्यावर भाषणं ठोकणाऱ्यांनी दुसराही सांगावा.

आपल्या दोन जिल्ह्यांत हे ॲपशिवाय, प्रत्येक सायकलला दोन फोनवर होऊ शकतं. तिसऱ्या दिवशी उलटी-शौच-पाणी विचारायचं, दहाव्या दिवशी ताप-तोंड-जेवण. अडचण बहुधा नंबराची असते. फाईलवर मुलाचा मोबाईल लिहिलेला असतो, मुलगा चाकणला किंवा मुंबईत, आणि तो ऐकीव माहितीवर "बरं आहे" म्हणतो. नोंदणीच्या वेळी रात्री त्या घरात झोपणाऱ्या माणसाचा नंबर घ्यायचा, बहुधा तो सुनेचा असतो, आणि फोन सायंकाळी सातनंतर करायचा. "कसं वाटतंय?" विचारलं तर "ठीक" हेच उत्तर येतं. "काल दुपारी किती भाकरी खाल्ली, केमोआधी किती खायचात?" याला आकडा येतो. निम्म्याहून कमी, किंवा चोवीस तासांत लघवी दोनदाच, म्हणजे दुसऱ्या दिवशी बोलावणं. दोन फोन उचलले गेले नाहीत तर गावच्या आशाताईंना कळवायचं, त्यांचा नंबर पहिल्याच दिवशी फाईलवर घेतलेला असावा.